मेहरुनचा शनिवार

नांदरखेड्यात मणियारांचं घर एकच. गावाच्या टोकाला, जिल्हा परिषदेच्या शाळेला पाठ लावून उभं. मेहरुनचा नवरा नूर महंमद होता तोवर तो सायकलला बांगड्यांची पेटी बांधून चोपडा तालुक्यातली निम्मी गावं हिंडायचा आणि मेहरुन घरच्या ओट्यावर बसून गावातल्या बायांना बांगड्या भरायची. तो गेला, सायकल विकली गेली आणि पेटी मेहरुनच्या डोक्यावर आली. तेव्हापासून ती दारोदार जाते. गावातल्या झाडून साऱ्या बायांचा हात तिने हातात घेतलेला आहे. तिचा हात धरायला मात्र घरात रूही नावाची एक लेक, तिच्याशिवाय कोणी नाही.

बांगड्या भरणं हे घाईचं काम नव्हे. हात आखडला की काच फुटते, म्हणून बाईला बोलण्यात गुंतवावं लागतं. अशा वेळी घरातलं लेकरू हमखास मध्ये लुडबुड करतं. त्याला गप्प बसवायला मेहरुन बांगड्यांच्या जुडीवरचा कागद काढून द्यायची आणि म्हणायची, "हाई वाच, काय लिखेल शे त्यावर." माल फिरोजाबादचा, कागद हिंदी. पोरं बघत राहायची. मेहरुनला वाटलं, हिंदी म्हणून अडत असतील. मग तिने किराणावाल्याकडून मराठी पेपरची रद्दी आणली.

लताबाईचा भावेश तेव्हा चौथीत होता. त्याने कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचायला लागला. लताबाईचा ऊर भरून आला. मेहरुन पाचवीपर्यंत शिकलेली, तिने सहज वाकून पाहिलं. कागदावर गोडेतेलाची जाहिरात होती आणि भावेश वाचत होता चिमणीची कविता. पोरगं हुशार, पाठ केलेलं सगळं तोंडावर. अक्षर मात्र एक ओळखत नव्हतं. लताबाई कौतुकाने म्हणाली, "दखं ना भाभी, कसा वाचस." मेहरुनने पुढची बांगडी चढवली, कारण आईच्या तोंडावर खरं सांगणं तिच्या जिवावर आलं.

त्यानंतर ती मुद्दाम बघायला लागली. या घरचा पाचवीतला, त्या घरची सहावीतली. कोणी पहिल्या अक्षराला थांबायचं, कोणी दात काढून पळून जायचं. रूहीला वाचता येत होतं, पण ते शाळेचं देणं नव्हतं. बाप तिला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजाराला न्यायचा आणि दुकानांच्या पाट्या वाचून घ्यायचा. चूक झाली तर सायकल थांबवायचा, म्हणून पोरगी पटकन शिकली. मेहरुनच्या मनात आलं, ज्या पोरांच्या बापाकडे सायकल नाही, त्यांनी काय करावं?

त्याच सुमारास शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपली. ही समिती म्हणजे पालकांची. पालकांच्या सभेने सदस्य निवडायचे, सदस्यांनी हात वर करून अध्यक्ष. नियमाने निम्म्या बाया असतात, आणि गावाच्या नियमाने त्या बायांच्या सह्या घरी चुलीपाशी होतात. सभा पुरुषांची, चहा पुरुषांचा, ठराव हितेंद्रभाऊचा. हितेंद्रभाऊ केळीचा मोठा बागायतदार, माणूस वाईट नव्हे, पण अध्यक्षपद म्हणजे झेंडावंदनाला पुढे उभं राहणं एवढंच त्याला ठाऊक. त्याचा थोरला मुलगा चोपड्याला इंग्रजी शाळेत जायचा. धाकटी मुलगी तेवढी गावच्या शाळेत ठेवली होती, कारण मूल शाळेत नसेल तर समितीत बसता येत नाही. मेहरुन बायांना बांगड्या भरता भरता म्हणायची, "पोरगीले खुर्चीले बांधी ठेवेल शे भाऊनी." बाया खुदकन हसायच्या.

आपण उभं राहायचं, हे तिने कोणाला विचारलं नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं. रूहीला सांगितलं, तर रूहीने फक्त विचारलं, "अम्मी, आपलं तं एकच घर शे. मत कोन देई?" हा हिशेब मेहरुननेही केलेला होता. म्हणून तिने मत मागितलंच नाही. ती दारोदार सांगत गेली, "माले मत देऊ नको. नुसती सभाले ये अन् बठ. सही घर करू नको."

आणि इथे तिने एक घोळ घातला. बांगड्या भरून झाल्या की मणियारीण आपल्याकडून एक बांगडी वर भरते. तिचे पैसे नसतात, ती आशीर्वादाची. मग बाई मणियारणीच्या पाया पडते. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. मेहरुनने विचार केला, निवडणुकीच्या दिवसांत ही वरची बांगडी भरली तर मणियारीण बांगड्या वाटून मतं घेते अशी बोंब होईल. म्हणून तिने कोणाला काही न सांगता ती बंद केली. झालं. गावातल्या बाया घरी जाऊन बांगड्या पुन्हा मोजू लागल्या. वरची बांगडी न भरणं म्हणजे अपशकुन, नाहीतर उघड उघड राग. दोन आळ्यांत कुजबुज सुरू झाली आणि एके दुपारी लताबाई तावातावाने तिच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"भाभी, काय चुकनं मन्हं? वरली बांगडी काब्र नही भरी?"

"निवडणूक शे ना व माय. लोके म्हनतीन, मेहरुन लाच देई ऱ्हायनी."

लताबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "एक काचनी बांगडी, अन् ती बी लाच," असं म्हणत ती ही गोष्ट घरोघर सांगत फिरली. ज्या बाया सभेला यायला का-कू करत होत्या, त्यांनाही आता ही लाच न देणारी बाई बघायला यावंसं वाटू लागलं. त्यांच्याकडे ही अशी गंमत वर्षात एखादीच होते.

सभेच्या आदल्या दिवशी हितेंद्रभाऊ स्वतः आला. ओट्यावर टेकला, पाणी प्याला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाभी, आपला गावमा आजलगून कव्हयच मतदान व्हयनं नही. बिनविरोध ऱ्हाऊ द्या."

"भाऊ, पोरे बी बिनविरोधच पास व्हई ऱ्हायनात," मेहरुन म्हणाली. "वाचता येत नही एकले बी."

हितेंद्रभाऊ उठून गेला. दुसऱ्या दिवशी शाळेचा वर्ग बायांनी भरला. डोक्यावर पदर, माना खाली, पुरुषांकडे बघायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. आधी सदस्य ठरले, मेहरुनसह, आणि त्यातल्या बाया या घोळक्यातच बसून राहिल्या. हिलाल सर, म्हणजे मुख्याध्यापक, त्यांनी घसा खाकरून अध्यक्षपदासाठी नावं विचारली. मेहरुनच्या नावाला आधी एकही हात उठेना. मग लताबाईचा उठला, हिरव्या काचा कोपरापर्यंत घसरत गेल्या. तिच्यामागे दुसरा, मग बाकीचे. तोंडं पदराआड होती, पण हात सगळे मेहरुनच्या ओळखीचे होते. मेहरुन अध्यक्ष झाली. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

पुढचं वर्ष तिचं सुखाचं गेलं, हे सांगून टाकायला हवं. तिने एकच गोष्ट केली. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटली की तासभर वाचन. प्रत्येक पोराने आपल्या आईसमोर बसून मोठ्याने वाचायचं. आईला वाचता येत नसलं तरी चालेल. पोरगं अडखळलं हे कळायला अक्षर यावं लागत नाही. हिलाल सर आधी नाक मुरडत थांबले. मग एका शनिवारी एका आईने त्यांना बघून म्हटलं, "सर, हाऊ मागला शनवारबी आठेच अडकना व्हता, आजबी आठेच." त्या दिवसापासून सर घरी लवकर निघायचं विसरले आणि पोरांच्या मागे हात धुऊन लागले. छोट्यांना रूही घ्यायची. भावेशला तिने अक्षरांपासून धरलं. तो चिडायचा, वही फेकायचा, रूही ती उचलून आणायची. वर्षाच्या शेवटी तो एक एक शब्द बोटाने दाबून वाचायला लागला.

शनिवारी संध्याकाळी बाया मेहरुनच्या ओट्यावर रेंगाळायला लागल्या. आजवर त्या फक्त बांगड्यांसाठी यायच्या आणि झालं की जायच्या. आता चहा मांडावा लागायचा. कोणाच्या तरी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा यायचा. इतकी वर्षं या गावात राहून मेहरुनला पहिल्यांदा वाटलं की आपण इथल्या आहोत.

मग रूही नवोदयला लागली.

पाचवीच्या पोरांनी परीक्षेला बसायचं म्हणून सरांनी चार-पाच जणांचे अर्ज भरले होते, त्यात तिचाही होता. भुसावळकडची निवासी शाळा, बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. निकाल आला तेव्हा सर पेढे घेऊन मेहरुनच्या दारात आले. पेढा देऊन झाल्यावर मात्र ते जागचे हलेनात.

"ताई, एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "पाल्य शाळेत असेपर्यंतच पालक समितीत. रूहीचा दाखला निघाला की तुमचं पद गेलं. हितेंद्रभाऊ तयारच आहेत."

"सर, मी नसले तर शनिवार चालवाल ना तुम्ही?"

"माझी बदली ठरल्यासारखी आहे," सर म्हणाले, आणि पेढ्याच्या खोक्याला दोरी बांधत बसले.

बातमी गावभर व्हायला किती वेळ. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया आल्या, सगळ्या एकदम, आणि ओट्यावर दाटीवाटीने बसल्या. बांगड्या कोणालाच भरायच्या नव्हत्या. लताबाईने मेहरुनचा हात हातात घेतला. असं कोणी आजवर केलं नव्हतं, हात धरायचं काम नेहमी मेहरुनचं.

"भाभी, रूहीले आठेच ऱ्हाऊ दे," लताबाई म्हणाली. "सातवीलगून शाळा शे ना आठे. ती हुशार शे, कोठे बी शिकी लेई. आमना पोरेस्ले कोन शे तुन्हाशिवाय? तू गयी तं शनवार गया."

खरं सांगायचं तर बाया जे मागत होत्या तेच मेहरुनला हवं होतं. रूही गेली की रात्री त्या घरात दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येणार नव्हता. आणि आता तर सगळं गाव येऊन हात जोडत होतं की लेकीला ठेव. तिला नुसतं हो म्हणायचं होतं. पोरगी जवळ, मान जवळ, बाया जवळ, आणि वर गावच्या पोरांचं भलं केल्याचं पुण्य. कोणी नावं ठेवली नसती. "दखते," एवढंच ती म्हणाली, आणि बायांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. जाताना एकीने रूहीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

रूही सगळं ऐकत आत उभी होती. बाया गेल्यावर ती बाहेर आली आणि शहाण्यासारखी म्हणाली, "अम्मी, मी नही जात. तू एकली पडशी." आईने काही विचारायच्या आत भांडी घासायला बसली. गाणंसुद्धा गुणगुणत होती, म्हणजे अम्मीला खरं वाटावं.

दोन-तीन दिवस असेच गेले. मेहरुनने मनाशी पक्कं करत आणलं होतं. एका सकाळी ती पेटी घेऊन निघाली आणि पैशांची पिशवी विसरली म्हणून मागे फिरली. रूही आरशासमोर पाठमोरी बसली होती. ती आपली आपण वेणी घालून बघत होती. आजवर तिची वेणी आईनेच घातलेली. दोन्ही हात मानेमागे नेऊन ती तिसरा पेड शोधायची, तो निसटायचा, ती पुन्हा सगळं सोडायची. शेजारी रिबीन होती. पोरगी मनाने केव्हाच गेली होती, आणि अम्मीला कळू नये म्हणून इतके दिवस गुणगुणत होती.

मेहरुन दारातच थांबली. हितेंद्रभाऊने पोरगी खुर्चीला बांधून ठेवली, असं आपणच दारोदार बोलत फिरलो ते तिला आठवलं. ती आत गेली, पेटी खाली ठेवली आणि रूहीच्या मागे बसली.

"आशी नही. केस पुढे ले, मधला पेड दातमा धर, मंग घट्ट वढ," ती म्हणाली. "तठे कोन घाली देई तुले?"

रूही वळली नाही. आरशात तिने आईकडे बघितलं. मग तिने पेड सोडले आणि पहिल्यापासून घालायला घेतले.

दाखला निघाला. मेहरुन लेकीला सोडून परत आली त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. पुढच्या आठवड्यात शाळेत सभा झाली, हितेंद्रभाऊ बिनविरोध अध्यक्ष झाला, आणि बायांच्या सह्या घरीच झाल्या. शनिवारचं वाचन कोणी बंद केलं नाही. हितेंद्रभाऊ एवढंच म्हणाला, शाळा सुटल्यावर वर्ग उघडा ठेवायचा तर वरून विचारावं लागेल, बघू. आपल्याकडे 'बघू' म्हटलं की विषय मिटतो. हिलाल सरांची बदली शिंदखेड्याकडे झाली, ते जाताना भेटून गेले.

मेहरुनने स्वतःच्या ओट्यावर चटई टाकली. शनिवारी सकाळीच दारोदार सांगून आली की पोरांना पाठवा, मी बसते. पहिल्या शनिवारी दोन पोरं आली. पुढच्या शनिवारी कोणी नाही. तिने लताबाईला गाठलं, घर समोरच. लताबाई भांडली नाही, वाईट बोलली नाही. चूल फुंकता फुंकता म्हणाली, "तुन्ही पोरगी निंघी गयी भाभी. आमना पोरे आठेच." आणि पुन्हा चूल फुंकायला लागली. मेहरुन उभीच होती, पण लताबाईने बस म्हटलं नाही.

त्यानंतर बाया बोलायच्या थांबल्या असं नव्हे. रस्त्यात भेटल्या तर रूहीची चौकशी करायच्या. पण बांगड्या भरायला त्या चोपड्याच्या बाजारात जायला लागल्या. तिथे म्हणे नवीन नमुने असतात. मेहरुनची हाक गल्लीतून जायची आणि दारं उघडी असूनही आतून कोणी ये म्हणायचं नाही. तिला त्यांचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही असंच केलं असतं, हे तिला पुरतं कळत होतं, आणि त्यामुळे कोणाशी भांडायचीही सोय उरली नव्हती. संध्याकाळी ती ओट्यावर बसायची, अंधार पडला की आत जायची, आणि एका माणसापुरतं पीठ मळताना अजूनही चुकायची.

रूहीला रविवारी फोन करू द्यायचे. मेहरुन दुपारपासून फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. त्या रविवारी फोन जरा उशिरा आला.

"अम्मी, जेवनी का?"

"जेवनू. तू?"

"हा. आज भात व्हता. अम्मी, मन्ही वेणी आते कोनी घालत नही, मीच घालस. मैत्रिणीस्नी बी मीच घाली देस." मग तिने आवाज जरा उतरवला. "काल शनवार व्हता ना? कोन कोन उनं व्हतं?"

मेहरुनने चटईकडे पाहिलं. ती गुंडाळून भिंतीशी उभी होती.

"बठ्ठा पोरे उनात, एक बी चुकना नही," ती म्हणाली.

"भावेश बी?"

"तो तं पहिला. त्यानी पुरा धडा वाचा काल."

"अडकना नही?"

"जोडाक्षरले अडकना. मंग परत वाचं त्यानी, बराबर."

पलीकडून रूहीचा मोठा श्वास ऐकू आला.

"माले वाटे, मी निंघी उनू म्हनीसन बंद पडनं व्हई," रूही म्हणाली. "रोज रातले माले तेच याद ये. तठे बठ्ठा तुन्हावर चिडेल व्हतीन, असं वाटे. माले आठे झोपच ये नही."

"नही व बेटा. कोनी चिडेल नही. चहा पेवाले बी येतस बाया, पहिलासारख्या."

"खरंच ना अम्मी?"

"खरंच."

रूही हसली. किती दिवसांनी, कोण जाणे, तिचं ते मोकळं हसू फोनमधून आलं. "अम्मी, भावेश जवळ शे का? त्याले फोन दे ना. एकच ओळ वाचू दे, माले आयकनं शे."

समोर लताबाईच्या अंगणात भावेश दोन पोरांबरोबर गोट्या खेळत होता. त्याचा डाव लागला आणि तो जोराने ओरडला. मेहरुनने झटकन फोनवर तळवा दाबला.

"तो खेतमा गया शे, बापनासंगे," ती म्हणाली, आणि त्याचा आवाज येणार नाही अशा मागच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.